रकाना कोणाच्या मापाने?

१९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड-एटापल्लीकडचे माडिया शब्द देवनागरीत टिपून त्यांचे मराठी अर्थ शेजारी मांडण्याचे काम आम्ही काही काळ करीत होतो. शब्द जमवणे कठीण जाईल असे वाटले होते; अडलो ते कोष्टकापाशी.

मांडणीसाठी आम्ही लाटेक वापरले. त्याच्या पोटात डोनाल्ड क्नुथ यांचे टेक आहे. आपल्याच ग्रंथाची मुद्रिते पाहून १९७७ साली नाराज झालेल्या या संगणकशास्त्रज्ञाने कोष्टक मोजण्याची जी रीत घातली, ती आम्हांस फार भावते. टेक पहिल्या ओळीवरून रुंदी ठरवीत नाही. ते कोष्टक शेवटपर्यंत वाचते, रकान्यातील सर्वांत रुंद मजकूर शोधते आणि तेवढी जागा साऱ्या रकान्यास देते. पण लांबलचक अर्थ आला की कोष्टक पानाबाहेर जाते. म्हणून रुंदी आपण नेमून द्यायची, मग मजकूर मोडून खाली उतरतो आणि ओळीची उंची वाढते. खोट येथेच शिरते, कारण नेमणारे आपण असतो.

आमच्या पहिल्या आराखड्यात अर्थाला चार सेंटिमीटर होते. 'गोटुल'समोर 'युवागृह' एवढेच नीट बसले. तरुणांनी जमण्याचे, गाण्या-नाचण्याचे, शिकण्याचे, पाहुण्याने उतरण्याचे हे ठिकाण. एवढे सांगायला बऱ्याच ओळी लागत होत्या, आणि अशी उंच ओळ बेढब दिसते म्हणून आम्हीच अर्थ छाटला. 'पेन'चा नुसता 'देव' झाला. कोष्टक देखणे झाले खरे!

आमचे मत असे की, शब्दाचा रकाना टेकला मोजू द्यावा, उरलेली सारी रुंदी अर्थास द्यावी (टॅब्युलरएक्स हे काम आपोआप करते) आणि ओळ हवी तितकी उंच होऊ द्यावी.

किमान उंचीही तपासावी. लाटेक प्रत्येक ओळीत एक अदृश्य टेकू उभा करते. ओळींमधील अंतराच्या सात दशांश वर, तीन दशांश खाली. रोमन अक्षरांस तेवढे पुरते. देवनागरीत वर रफार-अनुस्वार, खाली उकार. उंच जोडाक्षर आले तर ओळ वाढते, पण मात्रा आडव्या रेघेला चिकटते. ॲरेस्ट्रेच १ऐवजी १.४ केल्यावर आमचे भागले. मसराम गोंडी लिपी २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. त्या लिपींत हीच यादी मांडायची तर हा आकडा पुन्हा मोजावा लागेल.

'गोटुल'चा अर्थ आता सहा ओळींचा आहे. शब्दाखाली उरलेल्या मोकळ्या जागेत एका मित्राने चित्र सुचवले होते. आम्ही ती मोकळीच ठेवली.