बोटीवर अडकलेली माणसं आणि आपल्या गावाची वेस

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत बोटीची चौकशी सुरू होते. यंदा एका काकांनी मला वाडीच्या गडग्याशीच गाठलं. म्हणाले, “साहेब, पोरगा क्रूझवर जातो म्हणतोय. एजंटाला द्यायला वाडीचा एक तुकडा काढू का?” प्रश्न माझ्या खात्याचा नाही, पण तुकडा वाडीचा, म्हणून थोडा माझाही. मी त्यांना २०२० सालाची आठवण दिली. त्यांनी हात झटकला, “ते कोरोनाचं होतं, गेलं आता.”

वाचकहो, साथ ओसरली हे खरं. पण त्या साली जे उघडं पडलं ते सगळं काही ओसरलेलं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज रोखून धरलं गेलं. त्यावर ३,७११ माणसं होती, पैकी १,०४५ कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या खोलीत बसवलं आणि त्यांच्या दाराशी जेवण पोचवायला कर्मचारी फिरत राहिले. हेच कर्मचारी रात्री सामाईक खोल्यांत झोपत आणि एकत्र जेवत. शेवटी ७१२ जणांना लागण झाली. १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. २७ फेब्रुवारीला सरकारने विमानाने ११९ जणांना दिल्लीला आणलं. तोवर जगाचं लक्ष त्या एका जहाजाकडे होतं.

खरी परवड पुढे झाली, आणि तिकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १४ मार्चला अमेरिकेने क्रूझची वाहतूक थांबवली. प्रवासी उतरून घरी गेले, कर्मचारी बोटीवरच राहिले. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यांलगत सुमारे १०० जहाजं आणि त्यांवर जवळजवळ ८०,००० कर्मचारी होते, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचाच आकडा आहे. त्यांना उतरवायचं तर कंपनीने खास विमान करावं, नेहमीच्या प्रवासी विमानात बसवू नये, आणि तशी हमी वरिष्ठांनी लेखी द्यावी, अशी अट घातली गेली. कंपन्यांना ती जड गेली. इकडे भारताने २२ मार्चपासून परदेशी विमानं बंद केलेली. पुढे काही कंपन्यांनी आपल्याच रिकाम्या बोटी फिरवून माणसं देशोदेशी पोचवली, पण त्यात महिने गेले.

या नोकरीत बऱ्याच जणांचा मूळ पगार बेताचा असतो, खरी कमाई टिपेची. प्रवासी गेला की टिप गेली. करार संपला की अनेकांचा पगारही थांबला. खोली आणि जेवण मिळत होतं, घरी पाठवायला काही उरत नव्हतं. मे महिन्यापर्यंत काही कर्मचारी बोटीवरच मरण पावले, त्यांत आत्महत्येचा संशय असलेली प्रकरणंही होती.

कायदा नव्हता असं कोणी समजू नये. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ सालचा आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. मुदत संपली की मालकाने आपल्या खर्चाने माणसाला घरी पोचवायचं, सलग अकरा महिन्यांहून जास्त बोटीवर ठेवायचं नाही, असं त्यात आहे. पण मालक म्हणे बंदर घेत नाही, बंदर म्हणे देश घेत नाही, देश म्हणे विमान नाही. सातबाऱ्यावर नाव आहे पण शेतात जायला वाट नाही, तशातली गत. मालवाहू बोटी धरून २०२० अखेर सुमारे ४,००,००० खलाशी असे खोळंबले होते, हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज. त्यांनी आणलेला माल मात्र उतरत होता. त्या खरिपात आपल्या सोसायटीत आलेलं पोटॅशही बोटीनेच आलेलं, आपल्या देशात ते निघत नाही.

आपल्या मुंबईतही वेगळं घडलं नाही. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ मुंबईसमोर येऊन थांबली. तिच्यावर सुमारे दीडशे भारतीय होते, त्यांत गोव्याचे तारवटी बरेच. २१ एप्रिलला गृह मंत्रालयाने खलाशांच्या चढ-उताराची नियमावली काढली आणि २३ तारखेला ही माणसं उतरली. म्हणजे त्या टाळेबंदीत हापूसच्या पेटीला पास मिळत होता, पण स्वतःच्या खलाशाला उतरवून घ्यायला महिनाभर नियमच नव्हता.

आता घरची बाजू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. मी पंचनाम्यांना फिरत होतो. एका घरी म्हातारी आणि सून, सुपारीची वाडी आडवी, मुलगा परदेशात बोटीवर अडकलेला. इकडे वीज नाही, टॉवर बंद. घर उभं आहे की पडलं हे त्याला कितीतरी दिवस कळलं नाही. शासनाने बागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. पण सातबारा सामाईक, नावं पाच, हिस्सेदारांचं संमतीपत्र हवं. चौघांनी सह्या केल्या. पाचवी सही समुद्रात. मदत अडली ती दिवाळी उलटेपर्यंत.

तो गावी आला तेव्हा आपण काय केलं, तेही लिहितो. वेशीवर ओंडके टाकलेले होते. त्याला चौदा दिवस शाळेत ठेवलं, ते नियमाने योग्यच. पण शाळेच्या पायरीवर पाण्याची कळशी ठेवायला कोणी जाईना, आणि मुदत संपल्यावरही दुकानदाराने सामान लांबून फेकलं. बंदरांना नावं ठेवणारे आपण, आपली वेस अशी वागली. तेव्हा मी तिथेच होतो, गळ्यात ओळखपत्र घालून. बोललो काहीच नाही.

राहिला एजंट. बोटीवर माणसं लावणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय दाखला यांचा खर्च आपला. नोकरी लावून दिल्याबद्दल पैसे घेणं नियमाने बंद आहे. म्हणजे काका ज्या रकमेसाठी तुकडा काढणार होते, ती मागण्याचाच त्या माणसाला अधिकार नाही. २३ डिसेंबर २०२४ पासून त्या करारातल्या दुरुस्त्याही लागू झाल्या आहेत. वाऱ्यावर सोडलेल्या खलाशाला घरी पोचवायला देशांनी एकमेकांना मदत करायची, असं त्यात आहे. कितपत होतं ते पुढची अडचण आली की दिसेल.

काकांना मी एवढंच सांगितलं. एजंटाचा परवाना पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कराराची प्रत, बोटीचं नाव आणि कंपनीचा पत्ता घरात ठेवा. आणि पोरगा जाण्याआधी महिनाभर तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन कुलमुखत्यारपत्र करून घ्या, त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे. त्यांनी विचारलं, “हे सगळं पासबुकाच्या पिशवीत ठेवलं तर चालेल का?” चालेल, म्हटलं, पण ती पिशवी कुठे असते ते काकींनाही सांगून ठेवा.