‘विशेष प्रगती’चा रकाना

महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत एक मे हा निकालाचा दिवस. सकाळी झेंडावंदन होतं, मग वर्गावर्गात प्रगतिपुस्तकं वाटली जातात. घरी पोचेपर्यंत मुलांनी ती दहादा उघडून पाहिलेली असतात आणि घरी आईवडिलांची नजर थेट श्रेणीवर जाते. त्याच प्रगतिपुस्तकात आणखी तीन रकाने असतात. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा हे रकाने आले. शिक्षकानं मुलाकडे वर्षभर पाहावं आणि जे दिसलं ते शब्दांत लिहावं, ही त्यामागची कल्पना साधी आहे आणि फार चांगली आहे.

प्रत्यक्षात या वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मिळतात. इयत्तावार, विषयवार. त्या फोनवरून फोनवर फिरतात आणि एप्रिलच्या अखेरीस भराभर उतरवल्या जातात. ‘वाचन स्पष्ट उच्चारात करतो’, ‘गणितातील क्रिया अचूक करतो’. वर्गाची संख्या, माहिती भरायची कामं, सर्वेक्षणं, निवडणुकीची ड्यूटी हे सगळं सांभाळणाऱ्या शिक्षकाला याचा फार दोष देता येणार नाही. पण नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. जो मुलगा वाचतो, त्याच्या नावापुढे ‘स्पष्ट वाचतो’ असं उतरवलं तरी ते बहुधा खरंच असतं. ज्याला वाचताना अक्षरं हाती लागत नाहीत, त्याच्यासाठी यादीतलं एकही वाक्य उपयोगाचं नसतं. त्याचा पहिला रकाना ‘समाधानकारक’ या एका शब्दावर भागतो आणि तिसरा मात्र काठोकाठ भरतो. वाचनाचा सराव आवश्यक. अक्षर सुधारणे आवश्यक. लक्ष देणे आवश्यक.

अशा, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या वर्षात विजय नसतात असं नाही. ते असतात, मोजून दाखवता येतील इतके असतात. ते लिहून ठेवण्यासाठी शाळेनंच दिलेली जागा तेवढी रिकामी राहते.

या मुलांची ओळख वैद्यकाला तशी जुनी आहे. १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा हुशार, खेळात चपळ, अंक सहज वाचणारा. पण सात वर्षं शिकवूनही एका उच्चाराचे छोटे शब्दसुद्धा त्याला अक्षरं जुळवत जेमतेम वाचता येत. स्वतःचं नावसुद्धा त्यानं अक्षरांची अदलाबदल करून लिहिलं होतं आणि दाखवून देईपर्यंत त्याला ती चूक दिसली नव्हती. त्याच्या शिक्षकांचं मत मॉर्गननी नोंदवून ठेवलं आहे. सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या शिक्षकाच्या हाती कोणतीही चाचणी नव्हती, वाचनातल्या या अडचणीचं ‘डिस्लेक्सिया’ हे नाव त्याच्यापर्यंत पोचलं असण्याचं कारण नव्हतं. त्यानं फक्त मुलाकडे नीट पाहिलं होतं.

मराठीत अशा मुलासाठी एक अक्षर राखून ठेवलेलं आहे. ‘ढ’. अशोकाच्या ब्राह्मी शिलालेखांतला ‘ढ’ आणि आजचा ‘ढ’ जवळजवळ सारखाच दिसतो. बाकीची अक्षरं बदलत गेली आणि हे तसंच राहिलं, म्हणून जो शिकत नाही, बदलत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शब्दातला आरोप नेमका तोच आहे. हा मुलगा जिथे होता तिथेच आहे, असा. आणि हाच आरोप साफ चुकीचा आहे. मुलगा हलत असतो. तो किती हललाय हे बघायला कुणी जवळ बसत नाही, इतकंच.

जवळ बसायचं तर आधी आपली लिपी त्याच्या डोळ्यांनी पाहावी लागते. ‘किती’ हा दोन अक्षरी शब्द घ्या. पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची; दुसरी ‘त’च्या नंतर काढायची आणि नंतरच उच्चारायची. म आणि भ, घ आणि ध, थ आणि य यांत फरक तो एखाद्या गाठीचा किंवा शिरोरेषेतल्या फटीचा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च दिसतो एक, बोलतो वेगळा. आणि ‘र’ची तर चार रूपं. ‘सूर्य’मध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, ‘चक्र’मध्ये तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये काकपदासारखा पायाखाली बसतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये बारीक आडवं वळण घेऊन ‘य’ला चिकटतो. बहुतेक मुलं हे सगळं कधी शिकली ते त्यांना आठवतही नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी, पुन्हा पुन्हा शिकावी लागते. आज जमलेली उद्या निसटते आणि परवा परत पकडावी लागते.

म्हणून तिसरीतल्या अशा मुलानं एके दिवशी फळ्यावरचा ‘दुसऱ्या’ हा शब्द शेजाऱ्याच्या वहीत न डोकावता बरोबर उतरवला, तर ती मोठी घटना आहे. तिच्यामागे वाळूत गिरवलेली, मातीच्या वळ्या करून घडवलेली, खरखरीत कागदावर बोट फिरवून पाठ केलेली अक्षरं असतात. खरखरीत कागदाची अक्षरं मारिया माँटेसरींच्या साधनांतली. त्यांनी आपल्या कामाची सुरुवात रोममधल्या बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांपासून केली होती आणि त्यांतल्या काहींना त्यांनी सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण करून दाखवलं. माँटेसरींचा विचार मराठी मुलखाच्या मातीत रुजवला तो ताराबाई मोडकांनी. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलाच्या हाताला काय कळलं, याकडे बघणारी शिक्षणाची एक वाट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचवला तो ‘तारे जमीन पर’नं, डिसेंबर २००७ मध्ये. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला आणि आमिर खाननं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट बहुतेकांना आठवतो तो शेवटच्या चित्रकला स्पर्धेमुळे. त्यातला डिस्लेक्सिया असलेला मुलगा, ईशान, पहिला येतो, सगळी शाळा टाळ्या वाजवते. पण त्याआधीचा एक छोटा प्रसंग जास्त मोलाचा आहे. ईशानचे वडील शाळेत येऊन त्याच्या चित्रकलेच्या निकुंभ सरांशी बोलतात, आपल्यालाही मुलाची काळजी आहे हे सांगायला. बोलणं संपवून परत निघतात तेव्हा त्यांना मुलगा दिसतो. तो सूचनाफलकापाशी उभा आहे आणि त्यावरचं अडखळत वाचू पाहतो आहे. वडिलांचे डोळे भरून येतात. ते त्याच्याजवळ न जाता निघून जातात.

तिथे दोन पावलं पुढे जायला हवं होतं. कुणी सांगितलेलं नसताना, गुणांसाठी नव्हे, परीक्षेत नव्हे, तो मुलगा आपणहून अक्षरांसमोर उभा होता. खरा विजय तो होता. चित्रकलेचं बक्षीस ही पटकथेची गरज. अशा प्रत्येक मुलाच्या आत चित्रकार लपलेला नसतो. या चित्रपटापासून पालकांना दिलासा म्हणून आइनस्टाईन, एडिसन, लिओनार्दो अशी नावं ऐकवण्याची पद्धत पडली, तीही आता थांबायला हवी. शंभर वर्षांपूर्वीच्या किंवा पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं असं निदान करता येत नाही. आणि आपलं मूल मोठं शास्त्रज्ञ झालं तरच त्याच्या अडखळण्याला अर्थ, असा हा दिलासा असेल तर ते पुन्हा गुणवत्ता यादीचंच गणित झालं.

कौतुक कसं करावं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘मेहनत केलीस’ असं. नंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली, पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण दुसऱ्याला सांगताना वाढवून सांगितले. मेहनतीची दाद मिळालेली मुलं टिकली.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जावं लागतं. ‘छान प्रयत्न केलास’ हे त्यानं इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा अर्थ ‘जमलं नाही’ असा होतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याची बुद्धी शाबूत आहे, खोटी शाबासकी त्याला सर्वांत आधी ओळखू येते. पानंच्या पानं वाचणाऱ्या वर्गासमोर ‘यानं आज तीन ओळी वाचल्या, टाळ्या वाजवा’ असं म्हणणं ही त्याच्यासाठी शिक्षाच. अशा विजयाचे पेढे वाटायचे नसतात. वहीवर वाकून, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, काय जमलं ते नेमकं सांगायचं असतं. ‘गेल्या आठवड्यात या शब्दाशी थांबला होतास. आज थांबला नाहीस.’ हे वाक्य खोटं ठरू शकत नाही, कारण त्याला गेला आठवडा आठवतो.

मुलाला खरोखर काही जमेल असं घडवण्याचं शास्त्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षकांना चांगलं अवगत असतं. शर्टाची बटणं लावायला शिकवायचं तर काही वेळा ते शेवटापासून सुरुवात करतात. चार बटणं शिक्षिका लावते आणि पाचवं काजात अर्धं सरकवून ठेवते. मूल फक्त ते ओढून घेतं, आणि शर्ट पूर्ण होतो. पुढे शेवटचं बटण पूर्ण त्याचं, मग शेवटची दोन. पहिल्या दिवसापासून काम संपवण्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. यात कौतुकाचं वेगळं भाषणही लागत नाही, आरशात शर्ट दिसतो.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा इतिहासही आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या केंद्रीय कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. तरी १९९६ मध्ये राज्य सरकारनं दहावीच्या परीक्षेत या मुलांसाठी तरतुदी केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणं, गणिताला पर्याय. देशाच्या कायद्यात ही अक्षमता आली ती २०१६ मध्ये, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. मराठीतून शिकणाऱ्या मुलाची वाचनातली अडचण मराठीतच तपासता यावी यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ ही साधनं तयार केली, २०१५ पासून ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत.

या तरतुदींना आपण ‘सवलत’ म्हणतो, तिथे मात्र घोळ होतो. सवलत म्हणजे किमतीतली सूट. मुलाला उपकार मिळाल्यासारखं वाटतं आणि शेजारच्यांना तो फुकट पुढे गेल्यासारखं. जादा वेळ घेऊन पेपर पूर्ण करणारा मुलगा कमी काम करत नाही. तेच काम तो जास्त वेळ, जास्त थकून करतो.

दहावीचा निकाल लागला की सगळ्या विषयांत नेमके ३५ गुण मिळालेल्या कुणाची तरी बातमी येते. गल्लीत गुलाल उडतो, वाचणारे हसून पान उलटतात. त्या हसण्यात एखाद्या घराची आठ-नऊ वर्षं बुडून जातात. आधी आळशी म्हणून खाल्लेला मार, मग चष्म्याचा नंबर, मग कानाची तपासणी, मग कुणीतरी सुचवलेल्या सरकारी रुग्णालयातल्या खेपा. अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षाच्या आधी मिळत नाही आणि पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. प्रत्येक खेपेला आईची किंवा बापाची एक रजा. लग्नकार्यात भेटलेला नातेवाईक टक्के विचारतो तेव्हा हे कुठे सांगणार? अशा घरात ३५ गुणांवर गुलाल उडाला तर तो पूर्ण कमावलेला असतो.

पण दहावीपर्यंत थांबायचं कशाला? पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ३० मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. शिक्षकानं रोज एका मुलाबद्दल एकच वाक्य एका वहीत लिहायचं ठरवलं, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षात सहा वाक्यं येतात. त्याला पाच मिनिटं पुरतात आणि कुठल्या यादीची गरज पडत नाही. मग एप्रिलच्या अखेरीस ‘विशेष प्रगती’च्या रकान्याशी पेन अडलं की ती वही उघडायची. जुलै, ‘म’ आणि ‘भ’ समोर ठेवल्यावर वेगळे काढले. ऑगस्ट, आपणहून पुस्तक मागितलं, पुस्तकांच्या पेटीपाशी बसून चित्रं पाहिली. ऑक्टोबर, ‘सूर्य’ वाचला, रफार बोटानं दाखवला. डिसेंबर, तीन ओळी वाचल्या, मध्ये एकदाच थांबला. जानेवारी, सहलीत एसटीची पाटी वाचून गावाचं नाव सांगितलं. मार्च, शेजारच्या मुलाला ‘ट्रक’ लिहून दाखवला.