परवाना हाताला की थैलीला?

वाचकहो, एकदा मोखाडे तालुक्यातील आमच्या पोशेऱ्यास या आणि सरकारी पैशाने बांधलेल्या कोणत्याही इमारतीपुढे क्षणभर उभे राहा. फलकावर कामाचे नाव असते, रक्कम असते, ठेकेदाराचे नाव असते. पाया खणणारा, दगड घडणारा, गिलावा करणारा मात्र त्या फलकावर कोठेच नसतो. तो असतो पाड्यावरचा कातकरी, वारली, ठाकूर, कोकणा नाही तर महादेव कोळी. काम त्याने केले, ठेका दुसऱ्याने घेतला. का? तर म्हणे त्याच्यापाशी परवाना नाही! आज आम्ही या परवान्याचीच झडती घेणार आहोत.

सार्वजनिक बांधकाम खात्यात ठेकेदार म्हणून नोंद करावयाची तर काय लागते? ऐपतीचा दाखला लागतो, मागे केलेल्या कामांचे दाखले लागतात, कराची नोंदणी लागते. जितका वरचा वर्ग, तितकी मोठी ऐपत. नोंद झाली की निविदेसोबत बयाणा आणि काम मिळाले की सुरक्षा ठेव. या कागदांच्या भाऱ्यात हाताच्या कसबाची परीक्षा कोठे आहे? आमचा गवंडी वीस वर्षे दुसऱ्याच्या ठेक्यावर राबला. त्या वीस वर्षांचा दाखला ठेकेदाराच्या दप्तरात जमा झाला. दाखला नाही म्हणून ठेका नाही आणि ठेका नाही म्हणून दाखला नाही! पूर्वी विद्येचा अधिकार जन्मावरून ठरवीत. आता कामाचा अधिकार थैलीवरून ठरवितात. सोवळे बदलले, विटाळ तोच राहिला.

यावर कोणी शहाणा विचारील, “मग काय परवानेच मोडून टाकावयाचे?” नाही, महाराज. आम्ही पोरे शिकवितो. गळक्या छपराखाली आणि तडकलेल्या भिंतीशेजारी पोरे बसविण्याचा धोका आम्हांस ठाऊक आहे. विजेच्या कामास परवानाधारक ठेकेदार व तारतंत्री पाहिजे, हा नियम आम्ही शिरसावंद्य मानतो. कारण चुकीची तार जीव घेते आणि तो परवाना कसब पाहून दिला जातो. परवाना असावाच. पण तो कामाची परीक्षा घेणारा असावा, गरिबाला दाराबाहेर ठेवणारी कडी नसावा.

ठेकेदारी हा धंदा आम्हांस परका नाही. महात्मा जोतीराव फुले स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. बांधकाम खात्यात कारकून, अंमलदार व मक्तेदार मिळून मजुराच्या घामाचा पैसा कसा जिरवितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले व निर्भीडपणे लिहिले. सत्यशोधक समाज 1873 साली निघाला, तेव्हा त्याला हात देणाऱ्यांत मुंबईचे तेलुगू ठेकेदारही होते. म्हणजे बहुजनाला ठेका पेलत नाही ही बोंब खोटी आहे. त्याला तो मिळू देत नाहीत, एवढेच खरे.

सरकारने लहान कामांची वाटणी 33:33:34 अशी ठरविली: 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांस, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांस, 34 टक्के खुल्या ठेकेदारांस. हेतू उत्तम. पण ज्या मजूर संस्थेच्या सभासदाने कधी घमेले उचलले नाही, ती मजुरांची की मालकांची? लेखी परवानगीवाचून काम दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, असे करारात लिहिलेले असते. तरी काम हातोहात खाली उतरते, दर पायरीला पैसा गळतो आणि तळाशी आमच्या माणसाच्या हाती उरते ती अर्धी मजुरी. मग दिवाळी सरली की तोच माणूस उचल घेऊन बायकापोरांसह भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातो आणि आमच्या हजेरीपटावर नावे राहतात, पोरे राहत नाहीत. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला. पण नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस राबल्याचा दाखला लागतो आणि तो मागावयास गेले की ठेकेदाराची लेखणी नेमकी हरवते!

सबब आमचे मागणे असे. अनुसूचित क्षेत्रातील लहान कामांसाठी ऐपतीचा दाखला मागू नये. उभ्या भिंतीशी गवंड्याची परीक्षा घ्यावी व उत्तीर्ण झाल्यास परवाना द्यावा. चोरून पोटठेका देणाऱ्याचा परवाना रद्द करावा. मजुरांचे 90 दिवसांचे दाखले हाती पडल्यावाचून ठेकेदाराचे बिल काढू नये. आणि फलकावर गवंड्याचेही नाव घालावे.

आता दोन शब्द आपल्याच माणसांस. 1996 च्या पेसा कायद्याने व 2014 च्या नियमांनी ग्रामसभेला बळ दिले आहे; 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट ग्रामपंचायतीस देण्याचे धोरण झाले आहे. तो कोणत्या कामावर व कोणाच्या हातून खर्च होतो, हे सभेत उभे राहून विचारा. गवंडी, सुतार, बिगारी यांनी एक होऊन आपली खरी मजूर संस्था नोंदवा, हिशेब आपल्या शिकलेल्या पोरांकडून लिहून घ्या आणि अंगठा उठविण्यापूर्वी कागद वाचून घ्या. ज्या हातांनी भिंती उभ्या केल्या, त्यांनी आता आपला हक्क उभा करावा.