चाक बदलले की विमान बदलते

एरोमॉडेलिंग म्हणजे तयार किट आणायचे, सूचनापत्रकाबरहुकूम जोडायचे आणि विमान न आपटता उतरवायचे, असा सर्वसाधारण समज आहे. शाळा-कॉलेजांनी यावरच थांबू नये. उडालेले, नीट चालणारे मॉडेल विद्यार्थ्यांना पुन्हा उघडायला लावावे. त्याचे लँडिंग गिअर आणि इंजिन माउंट बदलायला लावावे. नेमके हेच दोन भाग अशासाठी, की ते वेगळे दिसतात पण वेगळे नसतात. शिकाऊ विमानात नाकाखालच्या चाकाची तार बहुधा त्याच प्लायवूडच्या फायरवॉलला बसवलेली असते, जिला इंजिनही बोल्टने आवळलेले असते. खडबडीत मैदानावर ते छोटे चाक खड्ड्यात अडकले, की तार वाकते आणि धक्का थेट फायरवॉलच्या चिकटवलेल्या सांध्यावर येतो. म्हणून आपल्या मैदानांवर नाकाचे चाक काढून शेपटीला चाक लावण्याचा विचार रास्तच आहे.

पण त्याचा हिशेब करून पाहावा. दीड किलोचे मॉडेल घ्या. गुरुत्वमध्याच्या २४ सेंटिमीटर पुढे असलेला ६० ग्रॅमचा नाकाचा चाकसंच काढला, तर गुरुत्वमध्य बरोबर एक सेंटिमीटर मागे सरकतो. त्याच्या ७५ सेंटिमीटर मागे १० ग्रॅमचे शेपटीचे चाक लावले, की आणखी अर्धा. पंखाची रुंदी २५ सेंटिमीटर असेल, तर हे सरकणे रुंदीच्या सहा टक्के झाले. आणि शिकाऊ विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवतात. मुख्य चाके आता गुरुत्वमध्याच्या पुढे न्यावी लागतात, त्याने थोडे भरून निघते, सगळे नाही. उरलेल्यासाठी नाकात शिसे भरणे हा आळशी उपाय. इंजिन पुढे घेणे हा शहाणा उपाय, पण माउंट सुटले की त्याचा कोनही पुन्हा बसवावा लागतो. प्रोपेलरने फिरवलेली हवा शेपटीच्या उभ्या पात्यावर आदळून नाक डावीकडे ओढते, म्हणून इंजिन दोन-तीन अंश उजवीकडे कललेले ठेवतात. चाकापासून निघालेला विद्यार्थी असा इंजिनाच्या कोनापाशी येऊन पोचतो, आणि वाटेत बलाघूर्णाचे गणित त्याला परीक्षेसाठी नव्हे तर गरजेपोटी सुटते.

मोठ्या विमानांतही ही साखळी सुटत नाही. बोइंग ७३७ ने १९६७ साली पहिले उड्डाण केले, तेव्हा ते जमिनीलगत, आखूड पायांचे होते. पुढे मॅक्स आवृत्तीसाठी अधिक रुंद इंजिने हवी झाली. पंखाखाली जागा पुरेना, म्हणून ती पुढे आणि वर बसवली, नाकाचा पाय सुमारे २० सेंटिमीटरने लांबवला. त्यामुळे काही स्थितींत नाक वर जाण्याची प्रवृत्ती वाढली, ती आवरायला एमसीएएस ही संगणकीय प्रणाली आली. एकाच संवेदकाच्या चुकीच्या माहितीवर ती विसंबली. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. कारणे अनेक होती, निर्णयही अनेकांचे होते. तरी साखळीची पहिली कडी पायांची उंची आणि इंजिनाची जागा हीच होती.

मूळ रचनाकाराला अधिक कळते, नवशिक्याने हात लावू नये, हा आक्षेप पहिल्या काही उड्डाणांपुरता मान्य. पण रचनाकाराने धावपट्टी गुळगुळीत धरली होती, तुमचे मैदान त्याने पाहिलेले नाही. संगणकावरचा सिम्युलेटर स्वस्त आणि सुरक्षित आहे हे खरे, मात्र त्यात बाल्सा लाकडाचा सांधा उचकटत नाही, आणि लँडिंग गिअरचे नायलॉनचे बोल्ट मुद्दाम कमकुवत का ठेवतात हेही कळत नाही: आपटल्यावर बोल्ट तुटावा, विमानाचे पोट फाटू नये. सुरक्षेचा मुद्दा सर्वांत वजनदार. त्यावर उत्तर माणसांपासून दूर, रिकाम्या जागी, अनुभवी हाताखाली उडवण्याचे आहे. २०२१ चे ड्रोन नियमही शिक्षणासाठीचे २५ किलोपर्यंतचे मॉडेल नजरेच्या टप्प्यात उडवण्याच्या अटीवर वेगळे मानतात. मॉडेलमध्ये बदलच करू देऊ नये, असे त्यातून निघत नाही.

यासाठी एरोमॉडेलिंग स्पर्धांची गुणपद्धत मात्र बदलावी लागेल. उड्डाणाआधी संघाने नव्या गुरुत्वमध्याचे गणित लिहून द्यावे, मग पंखाखाली दोन बोटे धरून विमान तोलावे; कागदावरच्या आणि बोटांवरच्या आकड्यांत किती मिलिमीटर फरक निघाला आणि तो का निघाला, यालाच निम्मे गुण द्यावेत.