गाडीतून उतरू नका!

सोमाटणे फाट्यावर पोलिसाने हात दाखवला की आमचा मावळातला माणूस काय करतो? गाडी कडेला घेतो, दार उघडून खाली उतरतो आणि कागदांची पिशवी काखेत धरून साहेबांकडे चालू लागतो. बसून राहणं म्हणजे मिजास. शिरगावच्या साईमंदिराकडे वळणाऱ्या गुरुवारच्या गर्दीत मी स्वतः हे कितीदा केलं आहे. यात अदब आहे, थोडी अजिजी आहे, आणि ‘जरा बाजूला या, बोलू’ या वाक्याची अर्धी तयारीही आहे.

हीच अदब मला अमेरिकेत महागात पडणार होती. लेकीकडे पेनसिल्व्हानियात गेलो होतो. भाड्याची गाडी, चालवणारा मी. ‘स्टॉप’च्या पाटीपाशी वेग कमी केला आणि कोणी नाही असं पाहून पुढे गेलो. तिथे चाकं पुरती थांबावी लागतात, मग रस्ता मोकळा का असेना. मागे लाल-निळे दिवे चमकले. गाडी थांबवून मी सवयीने पट्टा सोडला, दाराला हात घातला. शेजारून लेक ओरडली, “बाबा, उतरू नका! हात स्टिअरिंगवर ठेवा!” आयुष्यात ती माझ्यावर इतक्या मोठ्याने ओरडली नव्हती.

तिथे कुणाच्या गाडीत बंदूक असेल याचा नेम नाही. आपण होऊन उतरलेला माणूस पोलिसाला चाल करून येणारा वाटतो. खाली उतरवायचं की नाही हे त्याने ठरवायचं. पेनसिल्व्हानियातल्याच एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली तसा निर्णय दिला आहे. त्यात भाड्याच्या गाडीचा करारनामा बहुधा समोरच्या कप्प्यात, म्हणजे नेमका एकदम हात घालू नये तिथे. आधी ‘कागद आत आहेत, काढू का?’ असं विचारायचं, मगच हात हलवायचा. मला समज देऊन सोडलं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

आम्हाला आठवत होते ते अलाबामातले गुजराती गृहस्थ. 2015 साली मॅडिसन गावी मुलाकडे आले होते, घराजवळ पायीच फिरत होते. पोलिसांनी हटकलं, इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि ते अंशतः पंगू झाले. त्या पोलिसावर खटला चालला, 2016 मध्ये तो निर्दोष सुटला.

आपल्याकडे आरटीओत हजार रुपये भरले की वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना हाती येतो. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसता तो चालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याबरोबर एक पान मराठीत सूचनांचं द्या. साधं लॉकर देताना आम्ही बँकेत चार पानं नियम हातात ठेवत होतो! त्या पानावर हेही असावं: जर्मनी-इटलीत परदेशी चालकाकडून जागेवर दंड घेतात, पण पावती मिळते, अमेरिकेत पोलिसापुढे नोट धरली तर तो लाचेचा गुन्हा. आणि कॅमेऱ्याने टिपलेला दंड परत आल्यावरही मागे येतो. भाड्याची कंपनी आपलं नाव कळवते आणि त्याचं शुल्क कार्डावर लावते, तेव्हा स्टेटमेंट चार महिने तरी बारकाईने पाहा.

परतल्यावर एकदा फाट्यावर हात दिसला. गाडी कडेला घेतली, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो. पोलीस दोन मिनिटं वाट पाहून स्वतःच आला, आत डोकावला.

“काय काका, पाय दुखतायत का?”