रजेचे कारण : सायकल सहल

कचेरीतील नोकरीला आम्हाला वीस वर्षे होत आली. या काळात किरकोळ रजेचे जेवढे अर्ज आम्ही केले, त्या प्रत्येक अर्जात कारणाच्या रकान्यात एकच मजकूर असे : 'घरगुती काम'. लग्न असो, मयत असो, मोर्चा असो की धम्म परिषद असो, आमचे आपले घरगुती काम. गेल्या महिन्यात प्रथमच आम्ही तेथे 'सायकल सहल' असे लिहिले. साहेबांनी चष्मा वर करून विचारले, "तब्येत बरी आहे ना?" रजा मात्र मंजूर केली.

हे खूळ डोक्यात शिरले ते पुतणीमुळे. ती अकरावीत शिकते. तिने मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. फ्रान्स देशातील खेड्यापाड्यांतून, नदीच्या खोऱ्यांतून बायका-पुरुष सायकलींवर चालले आहेत, आणि तेही डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीच्या, मातीच्या वाटेने. त्यासाठी रुंद टायरची निराळी सायकल मिळते. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. तेथील लुआर नदीच्या काठाकाठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्गच आखलेला आहे म्हणे. पुतणी म्हणाली, "काका, खडीचा रस्ता बघायला फ्रान्सला कशाला जायचं? आपल्या वस्तीचा रस्ता काय आहे?"

आम्ही हसलो. परंतु त्या देशातील कामगार सायकलवर बसून फिरू लागला त्याची हकिगत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९३६ साली तेथे मोठे संप झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार जोडपी दोघांच्या सायकलीवर बोचके बांधून समुद्र पाहायला निघाली. त्यांतील अनेकांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता.

आपल्या देशात कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजा मिळाली ती १९४५ च्या कायद्यातील दुरुस्तीने. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते ते आपले बाबासाहेब. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत त्यांनी कामगारांसाठी काय काय केले, त्यातील कामाचे तास आपल्या भाषणांतून नेहमी सांगितले जातात. रजेची गोष्ट मागे राहते. रजा ही आजारपणासाठी, पेरणीसाठी आणि मयतीसाठी असते, अशीच आपल्या घरांतील समजूत आहे. आमचीही होती.

तर ठरले. कवठे येमाईहून सायकलींवर टाकळी हाजी आणि तेथून कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे. आम्ही, पुतणी, तिचा धाकटा भाऊ आणि वस्तीतील दोन मुले. येथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती वहिनींची, आणि तीही फक्त मुलीपुरती.

"भाऊजी, पोरं जाऊ द्या. पोरीचं काय काम तिथं? आन् वाघरू निघालं म्हंजे?"

ही भीती खोटी नव्हे. शिरूर तालुक्याचा आमचा भाग बेट भाग म्हणून ओळखला जातो, घोड आणि कुकडी या दोन नद्यांमुळे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हापासून तिन्हीसांजेला कोणी मुलांना अंगणात ठेवीत नाही. त्यामुळे आम्ही वहिनींना शब्द दिला की, ऊन वर आल्यावर निघू, ऊन असतानाच परत येऊ आणि उसाच्या कडेने कोणीही एकटे जाणार नाही. यावर त्या म्हणाल्या, "ते झालं. पण लोक काय म्हणतील?" बिबट्यावर आमच्याजवळ उपाय होता. यावर नव्हता. तो पुतणीनेच काढला. तिने शेजारच्या मैत्रिणीला तयार केले आणि त्या मुलीच्या आईने होकार दिल्यावर वहिनींना नाही म्हणता येईना. एकूण सहाजण झालो.

आमच्या आईने ऐंशी ओलांडली आहे. भाकऱ्या बांधून देताना ती मुलांना म्हणाली, "मी नदीला गेले ती धुण्याला न्हाई तर सरपणाला. नुसती नदी बघाया कधी गेले न्हाई. आन् आपला पाणवठा खालच्या अंगाला. वरल्या अंगाला जायचंच न्हाई." तिला यात काही विशेष सांगितले असे वाटत नव्हते. शेंगदाण्याची चटणी कमी पडेल की काय, याचीच तिला काळजी होती.

सकाळी नऊच्या सुमारास निघालो. सहा सायकलींत रुंद टायरची एकही नव्हती. आमची काळी, बावीस इंची, कॅरिअरवर भाकऱ्यांचे गाठोडे. मुलींच्या दोन शाळेच्या. डांबरी रस्ता सोडून आम्ही चारीच्या कडेची मुरमाची वाट धरली. मुरमावर सायकल चालविण्याचे तंत्र निराळे आहे. चाकात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे दगड टायरच पोटात घेतो आणि हाताला हिसका बसत नाही. उतारावर पुढचा ब्रेक दाबू नये, नाहीतर चाक घसरते. हे आम्हाला मुलांनी शिकविले. आम्ही पहिल्याच उतारावर त्याचे प्रात्यक्षिक दिले. कोपर खरचटले, भाकऱ्या शाबूत राहिल्या.

चालविता चालविता एक विचार मनातून जाईना. आमचे आजोबा याच मुलखात गावकीची कामे करीत. मयतीचा निरोप, सरकारी टपाल, कामगार पाटलाचा हुकूम घेऊन टाकळी, फाकटे, जांबूतपर्यंत पायी जात. या वाटांचा दगडन्‌दगड त्यांना ठाऊक असणार. परंतु आपल्या मर्जीने, काही काम नसताना, ते या वाटेने कधी गेले असतील काय? वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते जोखड कायद्याने गेले १९५८ साली. आजोबांनी ते पाहिले. सायकल मात्र त्यांना कधी जमली नाही.

वाटेत बाभळीचा काटा लागून पुतणीच्या पुढच्या चाकाची हवा गेली. मुलगे धावले, पण तिने त्यांना बाजूला केले. सायकल उलटी करून ट्यूब काढली, बादली नव्हती म्हणून चारीच्या पाण्यात बुडवून छिद्र शोधले, कानसने घासून सोल्यूशन लावले आणि ठिगळ बसविले. हे तिला तिच्या वडिलांनी शिकविलेले आहे. वडील आमच्याबरोबर नव्हते. त्याविषयी पुढे सांगतो.

जवळच एक घर होते. तेथे पाणी मागितले. बाई दारात आल्या. मुलींना सायकलींवर पाहून त्यांना नवल वाटले असावे. "कुणाची रं पोरं तुम्ही?" असे त्यांनी विचारले. या प्रश्नाचा अर्थ आमच्या वयाच्या माणसाला सांगावा लागत नाही. "कवठ्याची," एवढेच आमच्या तोंडी आले आणि आम्ही तेथेच थांबलो. पुतणी मागून म्हणाली, "बुद्धविहाराजवळची." क्षणभर कोणीच बोलले नाही. मग बाई आत गेल्या, कळशी आणि तांब्या घेऊन आल्या आणि तांब्या पुतणीच्या हातात दिला. "एवढ्या उन्हाचं सायकलवर? पाय नाही दुखत का?" म्हणून विचारू लागल्या. बाईंनी तांब्या हातात दिला, याचे आम्हाला बरे वाटले. आम्ही का थांबलो, याचा विचार मात्र परत येईपर्यंत करीत होतो.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. तीही सहलच. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळ प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांच्या मंडळींनी तेथील हौदाचे पाणी घेतले आणि हौद बाटविला म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो हत्यारी शिपाई बरोबर देऊन, आत कोणी पाण्याला शिवू नये म्हणून. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. जेवणाच्या वेळी आम्ही मुलांना ही हकिगत सांगितली. धाकट्या पुतण्याने विचारले, "मग त्यांनी पुढे लेणी पाहिली का?" मुलांचे प्रश्न निराळे असतात.

दुपारी नदी गाठली. कुकडीच्या अलीकडे आमचा पुणे जिल्हा, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुका. मध्ये काळ्या कातळाचे पात्र असे पोखरले आहे की, पाहणारा गप्पच होतो. रांजण, हंडे, पराती, न्हाणीघरे, वाटेल त्या आकाराचे खळगे. कोणी छिन्नी लावलेली नाही. पुराच्या पाण्याबरोबर गोटे येतात, कातळातील बारीक खाचेत अडकतात आणि भोवऱ्याबरोबर गरगर फिरत राहतात. जात्यात दाणा दळावा तसा कातळ दळला जातो. हजारो वर्षे हे चालले आहे. खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून दिसतात, गुळगुळीत, लिंबासारखे. काठावर मळगंगेचे देऊळ आहे. त्याला कुंडमाउली म्हणतात. येणारे बहुतेक नवसाला येतात. आम्ही दगड पाहायला आलो होतो आणि दगड पोटभर पाहिले. काठाचा कातळ निसरडा असतो आणि खळगे खोल आहेत. मुलांना नेणाऱ्यांनी हात सोडू नये.

ऊन असतानाच परतलो. वहिनी रस्त्यावरच उभ्या होत्या.

आता पुतणीच्या वडिलांविषयी. आमचे हे थोरले बंधू औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहेत. एक दिवस घरी राहिले की रोज बुडतो, म्हणून ते आले नाहीत. आपल्या वस्त्यांतून असे शेकडो आहेत, म्हणून येथे कायदा सांगून ठेवतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्यास वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत वीस दिवसांमागे एक हे प्रमाण कायम आहे आणि अट २४० वरून १८० दिवसांवर आली आहे. कामगार ठेकेदाराचा आहे म्हणून हा हक्क जात नाही. मात्र हजेरीचे कार्ड आणि पगाराची पावती जपून ठेवावी. भावाने आजवर एकही जपलेली नव्हती. वहिनींनी पिठाच्या डब्यामागून सात महिन्यांच्या पावत्या काढून दिल्या.

पुढची सहल मुलांनीच ठरविली आहे. याच कुकडीच्या उगमाकडे, जुन्नरला. तेथील डोंगरांतून आपली बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानाच्या ठेवी नोंदलेल्या आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली आहे. पल्ला लांबचा आहे, एक मुक्काम करावा लागेल. आईने विचारले आहे, टेम्पोत बसून मला येता येईल का? येईल.

भावाच्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज आम्ही लिहून दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, याच्यावर घरात बराच वाद झाला. 'घरगुती काम' लिहा, असे भावाचे म्हणणे होते. पुतणीने कागद ओढून घेऊन स्वतःच्या अक्षरात कारण लिहिले. अर्ज सोमवारी दिला आहे, अद्याप उत्तर आलेले नाही. आले की कळवू.