शब्दांच्या सोयरिकी

मराठींत आपण शपथ वाहतों, हांक मारतों आणि प्रसंगीं मारही खातों. हीं क्रियापदें कोणीं ठरविलीं, असें कोणी विचारीत नाहीं. इंग्रजीचाही हाच रिवाज आहे. आपल्या ‘करणें’ या एका क्रियापदाचें पुष्कळसें काम तेथें ‘मेक’ आणि ‘डू’ या दोघांत वांटलेलें आहे. ‘होमवर्क’ला ‘डू’ लागतें, ‘मिस्टेक’ला मात्र ‘मेक’. निर्मितीला ‘मेक’ व नेमून दिलेल्या कामाला ‘डू’, हा नियम थोडी वाट सोबत करितो. पण अंथरूण आवरणें हें रोजचें काम असूनही तेथें ‘मेक’च येतें. आणि ‘अटेन्शन’ तर पैशासारखें ‘पे’ करावें लागतें!

हॅरल्ड पामर यांनीं १९३३ सालीं टोकियोंत अशा जोड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तो इंग्रजी शिकणारांची हीच अडचण ओळखून. आपलीं मुलें सुटे शब्द पाठ करितात. मग व्याकरण निर्दोष असूनही वाक्य परकें वाटतें, आणि मूल बोलावयास बिचकतें. यास्तव घरीं शब्द लिहून देतांना नाम एकटें देऊं नये. त्याचें क्रियापद शेजारीं लिहावें आणि जोडीनेंच म्हणवून घ्यावें. सोयरीक एकदां कानांत बसली, कीं नियम आठवावा लागत नाहीं.